मदत हवी आहे: म्हशीच्या दुधातील स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी कोणती प्रायमरी अँटीबॉडी घ्यावी?

नमस्कार. मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे. माझा विषय म्हशींचा कासदाह, ज्याला आपल्याकडे गोठ्यात 'दगडी' म्हणतात. कास घट्ट झाली आणि दुधात गुठळ्या दिसू लागल्या की गवळ्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण त्याआधी कित्येकदा सड वरून निरोगी दिसतो, दूधही नेहमीसारखे येते आणि जिवाणू मात्र आत वाढत असतात. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांसमोर धार काढून घेऊन धारोष्ण दूध पिणारी माणसे पाहत मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे हा छुपा काळ वेळेवर ओळखता यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

स्टॅफिलोकोकस ऑरियस जे अल्फा टॉक्सिन बाहेर सोडतो, ते सुमारे ३३ किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) प्रथिन दुधाच्या निवळीत वेस्टर्न ब्लॉटने दिसते का, हे मी तपासत आहे. या पद्धतीत प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर घेतात आणि अँटीबॉडीने ओळखतात. प्रायमरी अँटीबॉडी, म्हणजे टॉक्सिनला चिकटणारी, सशात तयार केलेली, पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचे मिश्रण) आहे. ती १:१००० प्रमाणात, ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवते. सेकंडरी, म्हणजे प्रायमरीला चिकटून पट्टा दाखवणारी, शेळीत तयार केलेली, सशाच्या आयजीजीविरुद्धची (आयजीजी हा रक्तातील अँटीबॉडीचा मुख्य प्रकार) आणि एचआरपी (पट्टा उमटवणारे विकर) जोडलेली आहे. तिचे प्रमाण १:५०००. ब्लॉकिंग (अँटीबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून मेम्ब्रेनची मोकळी जागा झाकणे) ५ टक्के स्किम दूध पावडरीने करते. नमुने पंढरपुरी म्हशींचे असून करवीर तालुक्यातील एका गोठ्यातून, मालकांच्या परवानगीने, सकाळच्या धारेच्या वेळी घेतलेले आहेत.

अडचण अशी आहे. जिवाणूंच्या कल्चरच्या लेनमध्ये (जेलवरील एका नमुन्याच्या रांगेत) ३३ च्या जागी पट्टा येतो, पण तो फिका असतो आणि त्याच्या वर, ४५ च्या आसपास, दुसरा एक पट्टा इतका ठळक येतो की पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. तुलनेसाठी घेतलेल्या ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूची लेन पूर्ण स्वच्छ आहे. निवळीच्या लेनमध्ये ३३ ला काहीच नाही, मात्र ५० आणि २५ ला पट्टे आहेत. निरोगी सडाच्या निवळीत ते पुसट आणि दगडी झालेल्या सडाच्या निवळीत गडद. या फरकामुळे मला प्रथम फार आनंद झाला आणि टॉक्सिनचे रेणू एकत्र येऊन किंवा तुटून असे दिसत असतील असे समजून मी वहीत 'रोगट नमुन्यात टॉक्सिन आढळले' अशी नोंदही केली. आता मात्र मला त्या नोंदीचा भरवसा वाटत नाही.

पार्सल आले तेव्हा बर्फाच्या पिशव्या पूर्ण वितळलेल्या होत्या, त्यामुळे अँटीबॉडीच खराब झाली असेल का, अशीही शंका आहे. नवीन कुपीचा खर्च ४०,००० रुपयांच्या घरात जातो आणि अनुदानातून ती एकदाच घेता येईल. मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटीबॉडी) घ्यावी, दुसऱ्या प्राण्यात तयार केलेली घ्यावी, की आहे तीच पुरेशी आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

प्रायमरी १:५००० पर्यंत पातळ करून पाहा आणि टीबीएसटीच्या (धुण्याच्या द्रावणाच्या) धुण्या वाढवा. बहुतेक वेळा तेवढ्याने जादा पट्टे जातात.

धागाकर्ती

धन्यवाद. दोन्ही करून पाहिले आहे. प्रायमरी पातळ केल्यावर ३३ चा पट्टा जवळजवळ नाहीसा झाला, ४५ चा राहिला आणि निवळीतील पट्ट्यांवर काहीच परिणाम झाला नाही.

प्रतिसाद २

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच बरेचसे उत्तर आहे. प्रायमरी कमी करूनही निवळीतले पट्टे हलत नसतील तर ते प्रायमरीमुळे आलेलेच नसावेत. निवळीत म्हशीची स्वतःची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) असतात. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (साखळ्या सुट्या करणारे रसायन) घालून उकळल्यावर आयजीजीची जड साखळी ५० ला आणि हलकी २५ ला येते, आणि तुमची सेकंडरी गोवंशीय आयजीजी वगळून शुद्ध केलेली नसेल तर ती या साखळ्यांनाही काही प्रमाणात चिकटते. दाह झालेल्या कासेत रक्तातील प्रतिपिंडे जास्त झिरपतात, म्हणून तो नमुना गडद दिसतो. हा फरक खरा आहे, परंतु तो टॉक्सिनचा नाही. याच जागी अनेकांची फसगत होते, कारण आजारी आणि निरोगी नमुन्यांतला फरक अपेक्षेप्रमाणेच दिसत असतो.

४५ च्या पट्ट्याचे कारण वेगळे आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या पेशीभित्तीवर प्रोटीन ए असते आणि ते प्रतिपिंडाच्या एफसी भागाला (लक्ष्याला न चिकटणाऱ्या शेपटीकडच्या भागाला) धरते, मग ते प्रतिपिंड कशाविरुद्ध तयार केले आहे याचा काही संबंध उरत नाही. फोर्सग्रेन आणि स्योक्विस्ट यांनी हे १९६६ साली दाखवले होते. सशाचे आयजीजी त्याला फार घट्ट बसते. म्हणजे या जिवाणूसाठी सशातील प्रायमरी ही मुळातच अवघड निवड आहे. ई. कोलायमध्ये प्रोटीन ए नसते, त्यामुळे ती लेन स्वच्छ दिसली तरी तिच्यावरून अँटीबॉडीची निवडकता सिद्ध होत नाही.

पैसे खर्च करण्याआधी एकाच जेलवर सारखे नमुने तीनदा चालवा आणि मेम्ब्रेन कापून तीन तुकडे करा. पहिल्याला नेहमीची प्रायमरी द्या. दुसऱ्याला तितक्याच प्रमाणात, कोणतीही लस न दिलेल्या सशाचे आयजीजी द्या. तिसऱ्याला फक्त सेकंडरी द्या. ३३ चा पट्टा पहिल्याच तुकड्यावर आला तर तुमची अँटीबॉडी शाबूत आहे, बर्फ वितळला असला तरी. कल्चरसाठी वुड ४६ हा स्ट्रेन (याच जिवाणूचा एक वाण) मिळवा. त्यात प्रोटीन ए अत्यल्प आणि अल्फा टॉक्सिन भरपूर असते.

नवीन घ्यायचीच असेल तर कोंबडीतील आयजीवाय (पक्ष्यांची अँटीबॉडी) घ्या, जी अंड्याच्या बलकातून काढतात. तिला प्रोटीन ए धरत नाही. सशातीलच मोनोक्लोनल घेतलीत तर हा प्रश्न तसाच राहील, कारण अडचण एफसी भागाची आहे. सेकंडरी मात्र गोवंशीय सीरमवर शोषून घेतलेली (गोवंशीय प्रतिपिंडांना चिकटणारा भाग काढून टाकलेली) मागा आणि ती निरोगी म्हशीच्या निवळीवर स्वतः तपासा. गाय आणि म्हैस जवळच्या असल्या तरी पुरवठादाराच्या कागदावर म्हशीचा उल्लेख क्वचितच असतो. प्रोटीन जी मण्यांनी निवळीतील आयजीजी आधी काढून टाकता येते, पण टॉक्सिनला म्हशीचीच प्रतिपिंडे चिकटलेली असतील तर तेही सोबत जाईल, हे ध्यानात ठेवावे.

धागाकर्ती

सर, आपण सांगितल्याप्रमाणे तीन तुकडे केले. लस न दिलेल्या सशाचे आयजीजी शेजारच्या विभागातून मिळाले. ३३ चा पट्टा फक्त पहिल्या तुकड्यावर आहे. ४५ चा पहिल्या दोन्ही तुकड्यांवर सारखाच ठळक आहे, तिसऱ्यावर अगदी अंधुक. निवळीतील ५० आणि २५ तिन्ही तुकड्यांवर आहेत. फक्त सेकंडरी दिलेल्या तुकड्यावर तर ते दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्येच उमटले.

वहीतली ती नोंद मी मॅडमसमोर एक रेघ मारून रद्द केली, तारीख घातली आणि खाली कारण लिहिले. गोठ्याच्या मालकांना निष्कर्ष कळवण्याचे थांबवले आहे. वुड ४६ साठी पत्र पाठवले असून आयजीवायचे दरपत्रक मागवले आहे. एकच गोष्ट विचारायची राहिली: आयजीवाय वापरताना ब्लॉकिंगसाठी स्किम दूध पावडर चालेल, की माशाचे जिलेटिन घ्यावे?

प्रतिसाद २

जिलेटिन घ्या. दुधाच्या पावडरीत गाईचे आयजीजी थोडेफार असतेच, आणि ज्या नमुन्यात तेच टाळायचे आहे तिथे ते मेम्ब्रेनवर आपणच पसरवू नये.