मदत हवी आहे: दादाच्या कंपनीतल्या केमिकलने कॅन्सर होतो का? (अर्जंट)

वैतागलेला_बोईसरकर
दादा तारापूर एमआयडीसीत आहे. परवा त्याने ड्रमच्या लेबलचा फोटो पाठवला. त्यावर छातीत चांदणी फुटलेल्या माणसाचं चित्र. नेटवर शोधलं तर एकीकडे ग्रुप १ (कॅन्सर नक्की होतो), दुसरीकडे २अ (बहुधा होतो). सुपरवायझर म्हणतो, ते सगळं उंदरांवरचं, माणसाला काही होत नाही. दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. सोडायला सांगू का? हो की नाही एवढंच सांगा, भाषण नको.

चहाटळ
केमिकलचं नाव?

आजीचा_बटवा
रोज अनशापोटी कोमट पाणी, हळद आणि काळी मिरी. आमच्या शेजारचे काका ४० वर्षं केमिकलमध्ये होते, अजून ठणठणीत.

वैतागलेला_बोईसरकर
टोल्युडिन की असंच काहीतरी. तो प्लांटवर असतो.

जुना_खेळाडू
अहो, टोल्युइन म्हणजे थिनर. ग्रुप ३ मध्ये आहे, म्हणजे कॅन्सरचा पुरेसा पुरावा नाही. पेंट लाइनवर २८ वर्षं काढली मी. निवांत झोपा.

रेघोट्या
खेळाडूसाहेब, टोल्युइन वेगळं, टोल्युडिन वेगळं. एका अक्षराने ग्रुप ३ चा ग्रुप १ होतो. बोईसरकर, लेबलवर कॅस नंबर (प्रत्येक केमिकलचा ओळख नंबर) असेल, तो टाका. तुम्ही डॉक्टरकडे पेशंट न नेता गोळी मागताय.

वैतागलेला_बोईसरकर
९५-५३-४. आता तरी सांगा.

पांढरा_कोट
ऑर्थो-टोल्युडिन. सुपरवायझर चुकीचं सांगतोय, पुरावा माणसांचाच आहे. न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्सला रबर केमिकलचा कारखाना होता. तिथल्या कामगारांचा अभ्यास १९९१ साली छापून आला. थेट संपर्कातल्या ७०८ जणांत मूत्राशयाचे ७ कॅन्सर. एरवी एखादाच अपेक्षित होता. तुम्हाला दोन उत्तरं दिसली कारण आयएआरसीने (हे ग्रुप ठरवणारी डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) आधी ते २अ मध्ये ठेवलं होतं, २०१० च्या खंडात ग्रुप १ झालं. जुनी पानं नेटवर तशीच पडून असतात.

जुना_खेळाडू
नाव वाचण्यात घोटाळा झाला, मान्य. पण त्या कारखान्यात अॅनिलिन हे दुसरं केमिकलही होतं ना? मग खापर याच्यावरच का? आणि ही आयएआरसी मोबाइललाही २ब (कदाचित कॅन्सर होऊ शकतो) म्हणते. उद्या पाणीपुरी.

पांढरा_कोट
आक्षेप बरोबर आहे, म्हणून तर इतकी वर्षं २अ राहिलं. पण शिफ्ट संपल्यावर कामगारांची लघवी तपासली तेव्हा अॅनिलिनपेक्षा ऑर्थो-टोल्युडिन जास्त निघालं. २०१४ च्या पाठपुराव्यात जितका संपर्क जास्त तितका धोका जास्त, असंही दिसलं. अॅनिलिनही निर्दोष सुटलं नाही, ते आता २अ मध्ये आहे.

रेघोट्या
आणि मोबाइलचं उदाहरण गैरलागू. ग्रुप सांगतो पुरावा किती पक्का आहे ते. धोका किती ते नाही. सुपारी, दारू, सिगारेट, सगळी ग्रुप १ मध्येच, म्हणून त्यांचा धोका सारखा होत नाही. किती, किती वर्षं आणि कुठून अंगात जातं ते बघायला लागतं. बोईसरकर, दादा नेमकं काय करतो?

सुपारीप्रेमी
सुपारीला मध्ये का ओढता?

वैतागलेला_बोईसरकर
ड्रममध्ये पंप सोडतो, पाइप बदलतो. सहा वर्षं. कंपनीने हवा तपासलीय, रिपोर्ट लिमिटच्या आत आहे. हातमोजे कापडी, ओले झाले की पिळून परत घालतात. बनियनवर लालसर तपकिरी डाग पडतात, वहिनी म्हणते ब्रशने घासूनही जात नाहीत.

पांढरा_कोट
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! हे द्रव्य कातडीतून आत जातं. हवेचा रिपोर्ट कितीही छान असला तरी ओल्या मोज्याचा हिशोब त्यात येत नाही. उघडं राहिलं की ते तपकिरी पडतं, तेच डाग असावेत. कपडे घरी धुऊ नका, वहिनींचेही हात त्यात जातात. एसडीएस (केमिकलचं सुरक्षा माहितीपत्रक) मागा आणि त्यातल्या आठव्या भागात कुठल्या मटेरियलचे मोजे लिहिलेत ते बघा, कापडी नक्कीच नसतील. ओठ-नखं निळसर पडली किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना. लघवीत रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, युरॉलॉजिस्टकडे जा आणि काय हाताळतो ते नावासकट सांगा. आपणहून कोणी विचारत नाही. कॅन्सर व्हायला वीसेक वर्षंही जातात, त्यामुळे आज रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून प्रकरण मिटत नाही. सिगारेट ओढतो?

वैतागलेला_बोईसरकर
दिवसाला पाच-सहा. त्याचा काय संबंध?

पांढरा_कोट
मूत्राशयाच्या कॅन्सरचं ते मोठं कारण. आणि सिगारेटच्या धुरातही ऑर्थो-टोल्युडिन असतं.

आजीचा_बटवा
हळद तरी सुरू करा.

जुना_खेळाडू
कापडी मोजे म्हणजे कहर आहे. माझा विरोध मागे. सोडायला सांगा.

रेघोट्या
थांबा, घाई नको. नवीन कंपनीत काय बनतं?

वैतागलेला_बोईसरकर
डाय इंटरमिजिएट्स म्हणाला, म्हणजे रंग बनवायला लागणारी केमिकल्स. पगार चार हजार जास्त.

चहाटळ
केमिकलचं नाव?

वैतागलेला_बोईसरकर
विचारतो. सेकंड शिफ्टला गेलाय, अकरानंतर फोन लागेल.