गौरी गिल यांच्या फोटोपुस्तकावर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

आजोळ_मोखाडा

नमस्कार मंडळी. राहते नाशिकला, कॉलेज रोडला, आजोळ मोखाड्याजवळचं. आमच्या वाचनगटात दर महिन्याला एकाने एका पुस्तकावर लिहायचं असतं. या वेळी पाळी माझी, आणि मी घेतलंय गौरी गिल यांचं 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' (२०२२). पुस्तक मैत्रिणीचं आहे, पंधरा दिवसांच्या बोलीवर मिळालंय.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: जव्हारकडे कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणारे कारागीर आहेत. बोहाड्यात, म्हणजे सोंगं नाचवायच्या तिथल्या उत्सवात, हे मुखवटे देवांचे आणि राक्षसांचे असतात. गिल यांनी २०१५ पासून सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे भाऊ आणि त्यांच्या सोबतचे कारागीर यांच्याकडून वेगळेच मुखवटे करून घेतले: आजच्या माणसांचे, जनावरांचे, रोजच्या वस्तूंचे. मग गावातलीच माणसं ते घालून आपापल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. अंगावर रोजचेच कपडे, भोवती रोजचंच गाव.

दोन पानं लिहिली आणि फाडली. 'अप्रतिम रंग', 'विलक्षण प्रकाश' असलं काहीतरी उतरत होतं. ते कुठल्याही कॅलेंडरवर खपलं असतं. शिवाय मथळ्यात मी एकट्या गिल यांचं नाव लिहिलं होतं, तेही खटकायला लागलं.

त्यातच मामा डोळे तपासायला नाशिकला आले. त्यांनी तरुणपणी बोहाड्यात सोंगं घेतली आहेत. पंचाला हात पुसून पुस्तक पुढ्यात ओढलं आणि मुखवट्यांकडे जेमतेम पाहिलं. हात बघत होते. एका पानावर बोट टेकवून म्हणाले, "हिचे हात बघ, ही कामाची बाई." पुढच्या पानावर, "याला आत उकडतंय, उभा कसा राहिलाय बघ." मुखवटा चढवला की समोरचं धड दिसत नाही, धरून न्यायला माणूस लागतो, हेही त्यांनीच सांगितलं. एवढे दिवस पुस्तक माझ्याकडे होतं आणि मी एकदाही हात पाहिले नव्हते.

तर मला सांगा, फोटोंच्या पुस्तकावर लिहायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

फर्मा_आणि_शिवण

ताई, मी सातपूरला ऑफसेट छपाईत तीस वर्षं काढली, त्यामुळे माझं बघणं कागदापासून सुरू होतं.

पुस्तक टेबलावर ठेवा, मांडीवर नको. मधोमध उघडा आणि हात काढून घ्या. जुजबंदी शिवण, म्हणजे पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवलेले, असेल तर पान बऱ्यापैकी सपाट पडतं. नुसतं चिकटवलेलं असेल तर मिटायला बघतं. दोन पानांवर पसरलेला फोटो असेल तर शिवणीत काय गेलंय ते बघा. नेमका माणूस तिथे आला असेल तर तो अर्धा गिळला जातो, आणि तशी मांडणी कुणीतरी मंजूर केलेली असते. तुमच्या लेखात त्याची नोंद हवी.

मग काळा बघा. मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांत काही दिसतंय का, की शाईचा नुसता गठ्ठा झालाय? सावळी कातडी छापणं फार अवघड. मॅजेंटा, म्हणजे गुलाबीसर लाल शाई, जरा चढला की माणूस लाल होतो, काळा चढला की मातकट. मामांनी जे हात ओळखले, ते छपाईत टिकले म्हणून ओळखता आले.

आणि बांधणीच पुस्तकाचा अर्थ होते, असंही असतं. दयानिता सिंग यांचं 'म्युझियम भवन' म्हणजे एका डब्यात नऊ घडीची छोटी पुस्तकं. उलगडून उभी केली की घरातल्या टेबलावर प्रदर्शन मांडलं जातं. २०१७ साली त्याला पॅरिस फोटो हा मेळा आणि ॲपर्चर ही प्रकाशन संस्था यांचा वर्षातल्या सर्वोत्तम फोटोपुस्तकाचा मान मिळाला. त्याच्यावर लिहायचं तर घडीवर लिहावंच लागतं.

वाचू_निवांत

ही पुस्तकं फार महाग असतात हो. वाचनगटाने वर्गणी काढून वर्षाला एक घेतलं तर? मी पैसे द्यायला तयार आहे.

गोदाकाठ_कॅमेरा

दादांचं सगळं खरं आहे, पण शाई आणि शिवण यांतच अर्धा लेख संपवू नका. क्रमाकडे बघा.

२०१५ च्या कुंभात मी रामकुंडावर पहाटेपासून उभा असायचो. साडेचार हजार फोटो निघाले. त्यातून पुस्तकाची डमी केली आणि सगळे चांगले फोटो सुरुवातीलाच लावले. ज्याला दाखवली त्याने दहा पानांनंतर मिटवून "छान आहे" म्हटलं. मग छोटे प्रिंट काढून हॉलच्या फरशीवर मांडले आणि महिनाभर नुसते हलवत बसलो. ओल्या पायऱ्यांचा एक साधा फोटो होता, माणूस नसलेला. तो गर्दीच्या दोन फोटोंच्या मध्ये ठेवला आणि गर्दीचा आवाज यायला लागला. एरवी मी तो फेकला असता. रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून सत्तावीस हजारांच्या आसपास फोटो काढले आणि १९५८ साली पॅरिसला निघालेल्या पुस्तकात ८३ ठेवले. उरलेल्यांत चांगले नव्हते असं थोडंच आहे?

तेव्हा एक वही घ्या. कुठल्या फोटोनंतर कुठला येतो आणि तुमचा हात कुठे थांबला, एवढंच लिहीत जा. मामा जिथे थांबले ती पानंही लिहा. आणि कडू बंधूंची नावं मथळ्यात घ्याच.

आजोळ_मोखाडा

आठवड्याने लिहितेय. पुस्तक टेबलावर ठेवून, वही घेऊन तीनदा पाहिलं. तिसऱ्या खेपेला मुखवटे झाकून फक्त हात आणि पाय पाहिले. कोण अवघडलंय, कोण मजेत आहे, कोणाला उभं राहायची सवय आहे, सगळं कळत होतं. लेख तिथूनच सुरू केलाय. मथळ्यात आता तिघांची नावं आहेत.

काल मामांना गाडीत बसवायला स्टँडवर गेले होते, तेव्हा पहिला परिच्छेद वाचून दाखवला. 'मुखवटे घातलेली माणसं' असं मी लिहिलं होतं. मामांनी तिथेच थांबवलं. म्हणाले, "घातलेली काय? टोपी घालतात. सोंग घेतात."

ते वाक्य बदललं. लेख पूर्ण झाला की इथे टाकते.