शास्त्रवाचन दर वर्षी लेवीयात येऊन का थांबतं?

पहाटचा_तारा

सर्वांना सलाम. देवावर संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने, संपूर्ण शक्तीने प्रीती करायची, हे बायबलच्या अनुवाद या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात वाचते. ते रोजच्या दिवसात बसवायचं कसं? वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र वाचायचा क्रम १ जानेवारीला सुरू होतो आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतो. प्रार्थना म्हणजे मागण्यांची यादी होऊन बसते. यजमान पाळीच्या नोकरीत आहेत, मुलं १२ आणि ७ वर्षांची, त्यामुळे घरची उपासना आठवड्यातून एकदा झाली तरी खूप. यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळही नीट पाळायचा आहे. कृपया नेमकं सांगा.

फीत_आणि_पान

ताई, लेवीयाचा दोष नाही, हिशोबाचा आहे. आपल्या ६६ पुस्तकांत १,१८९ अध्याय आहेत. रोज ३ आणि रविवारी ५ या नेहमीच्या क्रमाने आठवड्याला २३ होतात, ५२ आठवड्यांत १,१९६. म्हणजे वर्षभरात सवड फक्त ७ अध्यायांची. घरात दोन-तीन दिवस ताप आला की ती संपली. त्यात उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपून लेवीय उघडतं ते जानेवारीच्या शेवटी. निर्गम २५ ते ३१ मध्ये निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं आणि ३५ ते ४० मध्ये पुष्कळसं तेच पुन्हा, म्हणून मन तिथेच थकलेलं असतं.

असं करून पाहा. नव्या कराराचे २६० अध्याय आहेत: सोमवार ते शुक्रवार रोज एक, बरोबर ५२ आठवडे. शनिवार राहिलेलं भरून काढायला. स्तोत्र रोज एक, खुणेच्या वेगळ्या फितीने. स्तोत्रं बाजूला काढली की जुन्या कराराचे ७७९ अध्याय उरतात. ते एका वर्षात कोंबू नका, दोन वर्षं घ्या. आठवड्याला ८ धरले तर ८३२ ची जागा होते, म्हणजे ५३ अध्यायांची सवड. तारखा छापलेला तक्ता मात्र नको. तो चार दिवस मागे पडला की वाचनाऐवजी थकबाकी दिसू लागते. तीन फिती ठेवा. जिथे फीत, तिथून पुढे.

लेवीयात शिरताना १ ते ७ मधली पाच अर्पणं चिठ्ठीवर लिहून घ्या: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. कोणतं कशासाठी, हे शेजारी एका ओळीत. सोळावा अध्याय, प्रायश्चित्ताचा दिवस, एकटा वाचू नका. त्याच बैठकीत इब्री ९ आणि १० वाचा. आणि बारावा अध्याय घाईत सोडू नका. बाळंतिणीला कोकरू परवडत नसेल तर तिने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत, असं त्याच्या शेवटच्या वचनात आहे. आता लूक २:२४ उघडा. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीयेने दिलेलं अर्पण हेच. तारणाऱ्याचं घर कोकरू न परवडणारं होतं, हे कळायला लेवीय वाचावंच लागतं.

टाळ_मंडळी

प्रार्थनेसाठी मत्तय ६ मधली प्रभूची प्रार्थनाच चौकट म्हणून घ्या. एकेका वाक्यावर दोन-दोन मिनिटं थांबा. आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. रोजची भाकर चौथी येते. मागण्या तिथे मांडा, त्याआधी नाही. क्षमेच्या वाक्यावर माणसाचं नाव घ्या. मोघम "सगळ्यांना क्षमा" म्हटलं की कोणालाच केलेली नसते. इतरांसाठीची नावं वहीत वारांप्रमाणे वाटा, दिवसाला पाच-सहा. सगळी रोज घेतली तर शाळेची हजेरी होते.

घरच्या उपासनेला १५ मिनिटं पुरेत, पण जेवणानंतर नको, धाकटा पेंगतो. कुकरखालचा गॅस बंद केला की वाफ जिरेपर्यंत बसा. भजनाची दोन कडवी, मार्काच्या शुभवर्तमानातली दहा-बारा वचनं, एक प्रश्न, एकाची प्रार्थना, मग सगळे मिळून प्रभूची प्रार्थना. नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीची भजनं नुसत्या टाळांवर बसतात, पेटी लागत नाही. वाचन मोठ्याने करावं, भजन धाकट्याने निवडावं. दुपारपाळीच्या आठवड्यात हेच सकाळच्या चहाला, पाच वचनांवर.

एक चूक बऱ्याच घरांत होते: "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल सोडायला शिकव." मुलाला ते डोळे मिटून ऐकलेलं रागावणंच वाटतं, आणि तो उपासना टाळू लागतो. त्याच्यासाठी प्रार्थना करायचीच तर काय मागू, हे आधी त्याला विचारा.

वसईकर

उपवासकाळाविषयी आमच्या कॅथलिक रीतीने सांगतो. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. सहा रविवार वगळले की ४०. रविवार पुनरुत्थानाचा, त्याला उपवास नाही. बंधनकारक उपवास दोनच: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, वय १८ ते ५९. एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. मांसवर्ज १४ व्या वर्षापासून, याच दोन दिवशी आणि या काळातल्या शुक्रवारी.

आपल्याकडे उपवास म्हटला की साबुदाणा आणि दाण्याचं कूट डोळ्यांपुढे येतं. इथे पदार्थ बदलायचा नसतो, प्रमाण कमी करायचं असतं. मासळी चालते, पण पापलेट तळून शुक्रवार पाळला असं मला तरी म्हणवत नाही. वाचलेले पैसे त्याच दिवशी डब्यात टाका आणि काळ संपायच्या आत गरजूला द्या. यशया ५८ मध्ये उपवासाला जोडून भुकेल्याला भाकर सांगितली आहे. मधुमेहाला इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण गाळू नका, साखर एकदम उतरते. आजारी माणसाला चर्चही सूट देतं.

आणि वरचा १,१८९ चा हिशोब आमच्या बायबलला लागू नाही. आमची पुस्तकं ७३.

पहाटचा_तारा

खूप आभार. आम्ही प्रोटेस्टंट, तरी दोन्ही दिवस असेच पाळू. धाकट्याला सामील करावं का?

वसईकर

जेवण कमी करायला लावू नका, ताई. त्याच्या खाऊचे पैसे आठवड्यातून एक दिवस डब्यात जाऊ देत, आणि डबा द्यायला जाल तेव्हा तो त्याच्या हातात असू दे.

टाळ_मंडळी

मत्तय ६:१७ त्याला आधी वाचून दाखवा: उपवास लोकांना दिसू नये म्हणून डोक्याला तेल लाव, तोंड धू. वर्गात कोणाला सांगायचं नाही, हे मुलांना चटकन पटतं.