शाळेत तुमच्याशी कुणी बोलणं टाकलं होतं का?

पाऊलवाट:
लेक काल शाळेतून आली ती गप्पच. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, त्या दोघींनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, हिच्याशी बोलायचं नाही." पोटात खड्डा पडला. सहावीत माझंही हेच झालं होतं. मी जवळ गेले की गप्पा बंद. बाईंना सांगितलं तर, "मारलं का कुणी? मग?" मारलं असतं तर वळ तरी दाखवता आला असता. तुमचे अनुभव लिहा. मुलग्यांनीही.

निळाई:
अगदी अगदी! ‘तिच्याशी बोललीस तर माझी कट्टी.’ लेकीला आधी जवळ घे गं.

चकोर:
मुलग्यांचं सोपं नसतं. मला मारामारी जमायची नाही, चित्रं काढायचो, म्हणून ‘बायल्या’. टीम पाडताना शेवटपर्यंत उभा. खाल्लेला मार विसरलो, ते उभं राहणं नाही विसरलो.

अबोली२:
माझी बहीण मारकुटी होती. तिला "मुलीसारखी वाग", भावाला मात्र "मुलगे असेच असतात". मार तोच! वर्गातल्या मुलीही तिला टाळायच्या. भावाला दोस्तच दोस्त. अजून राग येतो.

सांजवेळ:
मी मुलांचं समुपदेशन करते. क्रिक आणि ग्रॉटपीटर यांच्या १९९५च्या अभ्यासात तिसरी ते सहावीच्या मुलांत हे वाळीत टाकणं, मैत्री तोडायची धमकी देणं मुलींमध्ये जास्त दिसलं. असं करणारी मुलंही एकटी आणि नावडती होती. पण २००८ मध्ये १४८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हाणामारीत मुलगे स्पष्ट पुढे, अफवा-बहिष्कारात मात्र फरक नगण्य. चकोर, तुम्हाला टीममध्ये न घेणं यातच येतं. ‘मुलींचं भांडण’ म्हणून सोडून देऊ नका, आणि मुलग्यांनाही याबद्दल विचारा.

निळाई:
चकोर, अजून काढता का चित्रं?

चकोर:
हो, रात्री. मुलगा शेजारी बसून रंगवतो.

निळाई:
वा! टाका ना इथे.

पाऊलवाट:
सगळ्यांचे आभार. सांजवेळ, बाईंशी काय बोलू?

सांजवेळ:
कोण, कधी, काय म्हणालं ते लिहून न्या. दोघींना समोरासमोर उभं करून माफी मागायला लावू नका म्हणावं, पुढे जास्त छळतात. बाकावर शेजारी एखादी समजूतदार मुलगी बसवायला सांगा. एक मैत्रीण असली तरी खूप फरक पडतो.

पाऊलवाट:
दुसऱ्या तुकडीतली एक आहे, बसमध्ये रोज हिच्याशी बोलते. तिच्या आईला फोन करते आत्ताच.