बाळाची घरघर: आरएसव्ही विषाणू की जिवाणूंचा न्यूमोनिया?

उपकेंद्र_सीएचओ
पावसाळ्यात वर्षाच्या आतली बाळं सारखी येतात. दोन दिवस नाक गळतं, मग खोकला, धाप, छातीत सूंसूं. इथे ना एक्स-रे, ना पीसीआर (विषाणू ओळखणारी चाचणी). विषाणू कोणता ते कळत नसताना अँटिबायोटिक द्यायचं का? पुढे कोणाला पाठवायचं?

बालरोग_ओपीडी
सर्दीनंतर दोन्ही बाजूंना घरघर आणि ताप बेताचा असेल, तर तो बहुधा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे बारीक श्वासनलिकांची सूज. त्यात पहिला संशय आरएसव्हीवर. त्याखालोखाल ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा ३, मेटान्यूमोव्हायरस. नाव कळलं तरी उपचार बदलत नाहीत. अपवाद फ्लूचा, त्याला ओसेल्टामिविर आहे, तेही लवकर दिलं तर.

बारीक श्वासनलिकांचं अस्तर सुजतं, झडलेल्या पेशी आणि चिकट स्राव त्यांत अडकतो. म्हणून श्वासनलिका रुंदावणाऱ्या साल्बुटामॉलने फारसा फरक पडत नाही, स्टेरॉइडनेही नाही. नेब्युलायझर लावला की घरच्यांना बरं वाटतं, एवढंच.

नाक चोंदलेलं असेल तर पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे २-३ थेंब टाकून थोड्या वेळाने बल्बने हलकेच ओढा. खोलवर नळी घालू नका, सूज वाढते. दूध थोडं थोडं, पण वरचेवर.

आयएमएनसीआय_प्रशिक्षक
वरचं सगळं बरोबर, पण उपकेंद्रात आयएमएनसीआयचा (बालआजारांच्या एकात्मिक उपचारांचा) तक्ता सोडू नका. तिथे कानाने विषाणू-जिवाणू वेगळे करता येत नाहीत. २ महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, २ ते ११ महिन्यांत ५०, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. तक्त्यात अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सांगितलं असेल तर द्या.

चूक होते ती मोजण्यात. बाळ रडताना किंवा पिताना मोजतात, १५ सेकंद मोजून चाराने गुणतात. झबलं वर करून, बाळ शांत असताना पूर्ण ६० सेकंद मोजा. आकडा जास्त आला तर नाक साफ करून पुन्हा मोजा.

लगेच पाठवा: ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली, बरगड्यांखाली खड्डा पडतो, कण्हतं, श्वास मध्येच थांबतो, नेहमीच्या निम्म्याहून कमी पितं, सुस्त पडतं. २ महिन्यांच्या आतलं बाळ जलद श्वास घेत असेल तरी पाठवाच. अपुऱ्या दिवसांचं किंवा हृदयदोष असलेलं बाळ असेल तर थांबून बघू नका.

उपकेंद्र_सीएचओ
आज बरं दिसलं तर घरी पाठवायचं?

बालरोग_ओपीडी
दिवस मोजा. आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जोर धरतो. दुसऱ्या दिवशी बरं दिसलेलं बाळ उद्या परत बोलवा. खोकला मात्र २-३ आठवडे राहू शकतो, त्यासाठी औषध बदलत बसू नका.

ऑक्सिमीटर पायाला लावा, पाय गार असेल तर आधी ऊब द्या, आणि नाडीचा आलेख स्थिर होईपर्यंत आकडा लिहू नका. पुढे कुठे एक्स-रे काढलाच, तर उजव्या वरच्या भागातला पांढरा पट्टा पाहून घाबरू नका. स्रावाने नलिका बुजली की तिथलं फुप्फुस आकसतं, आणि तेच अनेकदा न्यूमोनिया म्हणून वाचलं जातं.