गादी, घराणं आणि गवत : ‘वारस निसर्गानेच ठरतो’ हे मला मान्य नाही

मध्यसप्तक

गेल्या आठवड्यात इथे एक लेख आला होता. त्यात म्हटलं होतं, की उजाड जमिनीवर आधी शेवाळ येतं, मग गवत, मग झुडपं आणि शेवटी मोठं जंगल. त्याच नियमाने राजाच्या गादीवर राजपुत्र, गवयाच्या गादीवर त्याचा मुलगा आणि आमदाराच्या जागी त्याची लेक येते. म्हणून घराणेशाहीवर ओरडणं म्हणजे पावसावर ओरडणं. त्याखाली ‘अप्रतिम’, ‘डोळे उघडले’ असे प्रतिसाद वाचले आणि राहवेना. तिकडे लिहिलं असतं तर ते वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

गाण्यापासून सुरुवात करतो. ग्वाल्हेर घराण्याचे मोठे गवई हद्दू खाँसाहेब, त्यांचे चिरंजीव रहिमत खाँ. लोक त्यांना भूगंधर्व म्हणत, असा गळा. पण वडलांमागे त्यांची परवड झाली आणि त्यांना सांभाळलं विष्णुपंत छत्र्यांनी, जे स्वतः हद्दू खाँकडे शिकले होते आणि पुढे सर्कस काढून बसले. रहिमत खाँ त्या सर्कशीबरोबर गावोगाव हिंडले. ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजवला तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, आणि बुवा शिकले वासुदेवबुवा जोशांकडे. बुवांकडे विष्णु दिगंबर पलुसकर आले, त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथून पुढे विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, देवधर मास्तर. या साखळीत बाप-लेक शोधून दाखवा.

किराणा घराण्याचंही तेच. १९२२ साली ताराबाई माने मुलांना घेऊन पती अब्दुल करीम खाँपासून वेगळ्या झाल्या. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर, तिची मुख्य तालीम अब्दुल वहीद खाँकडे झाली. करीम खाँसाहेबांचं गाणं पुढे नेलं त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांनी, आणि त्यांच्याकडून ते गंगूबाई, भीमसेन, फिरोज दस्तूर यांच्याकडे गेलं. धारवाड-गदगकडची कानडी माणसं आणि मुंबईचा एक पारशी.

आता गादी. मराठी संस्थानिकांत आपण आजही आदराने नाव घेतो ते दोघे कोण? सयाजीराव गायकवाड कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ साली दत्तक गेले. शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे, १८८४ साली दत्तक. अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारी गायले, जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँना कोल्हापुरात आसरा मिळाला. दोन्ही ठिकाणी गादीवर दत्तक मुलगा होता. आणि १८४८ साली डलहौसीने सातारा खालसा केलं ते काय म्हणून? दत्तक आम्ही मानत नाही, पोटचा वारस नाही, म्हणजे वारसच नाही. त्या लेखाचं म्हणणं यापेक्षा वेगळं काय आहे?

कोण पुढे येणार हे दर वेळी कुणीतरी ठरवतं. कुणाला तालीम द्यायची, कुणाला दाराबाहेर ठेवायचं, हे माणसं ठरवतात. त्याला निसर्गनियम म्हटलं, की ठरवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही.

सातारारोड

सोयीची नावं निवडली आहेत तुम्ही. अल्लादिया खाँच्या गाण्याचा वारसा त्यांच्या मुलांनी, मंजी खाँ आणि भूर्जी खाँनीच पुढे दिला ना? मल्लिकार्जुन मन्सूर त्या दोघांकडेच शिकले. खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर, त्यांच्या पोटी किशोरीताई आमोणकर. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव द. वि. पलुसकर. ही नावं गाळून ‘बाप-लेक शोधून दाखवा’ म्हणणं बरोबर नाही. घरात पहाटेपासून रियाज कानावर पडतो, त्याची बरोबरी आठवड्यातून दोनदा येणारा शिष्य करू शकत नाही.

आणि राजकारणात रक्ताचा नियम लोकांनी वेडेपणाने स्वीकारला नव्हता. वारस वादात असला की काय होतं ते आपल्या इतिहासात आहे. १७०७ साली संभाजीराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि राजारामांच्या राणी ताराबाईंचं सैन्य खेडला त्यांच्याशी लढलं. मराठे मराठ्यांवर. साताऱ्याची आणि कोल्हापूरची अशा दोन गाद्या झाल्या, ते भांडण १७३१ सालच्या वारणेच्या तहापर्यंत चाललं. त्या चोवीस वर्षांत जी माणसं मेली त्यांना विचारा, ठरलेला नियम बरा की खुली स्पर्धा.

मध्यसप्तक

खेडला दोन्ही बाजूंनी शिवछत्रपतींच्या रक्ताचेच वारस होते, एकीकडे नातू शाहू आणि दुसरीकडे राजारामांचा मुलगा. भांडण रक्ताच्या नियमानेच लावलं. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, तेव्हा वारसाबद्दल कुणाला शंका होती? पेशवाई रीतसर बापाकडून मुलाकडे, भावाकडून भावाकडे येत होती. त्या नियमाने अठरा वर्षांच्या मुलाचा जीव वाचला नाही.

द. वि. पलुसकरांचं म्हणाल, तर वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्यांना घडवलं विनायकरावांनी. मुलाला शिष्याने शिकवलं! किशोरीताईंचं तेवढं मान्य. पण त्यांनी आईचं गाणं जसंच्या तसं ठेवलं नाही, म्हणून त्यांच्यावर केवढी टीका झाली तेही आठवा.

गवताळ

मध्यसप्तक, तुमचा राग पोचला. पण मूळ लेखातलं जंगलाचं चित्र तुम्ही तसंच सोडून दिलंत, आणि खरी चूक तिथे आहे. शेवाळ, गवत, झुडूप, जंगल ही ठरलेली शिडी क्लेमेंट्स या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ साली मांडली. हवामान ठरवेल ते शेवटचं जंगल, तिथे पोचेपर्यंत बाकी सगळं कच्चं. त्याला ग्लीसन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२६ सालीच उत्तर दिलं, की कुठे काय उगवेल ते ज्या त्या जातीच्या बिया, जमीन आणि योगायोगावर असतं. महाबळेश्वरला पावसाच्या माऱ्यात अंजनी, जांभूळ, पिसा यांचं जंगल उभं राहतं, कबूल. कासच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळावरची वीतभर माती, तिथे पावसाळ्यात फुलं येतात. ती उद्याच्या जंगलाची वाट बघत थांबलेली नसतात. सासवड, बारामती, नान्नज इथला माळ म्हणजे मागे राहिलेलं जंगल नव्हे. मारवेल आणि कुसळी ही गवतं तिथली मालकीण आहेत. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे त्या उघड्या माळाचे रहिवासी. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आणि माळढोकाच्या माळावरही झाडं लावली गेली. ज्या पक्ष्याला लांबपर्यंत नजर पोचायला हवी, त्याच्यासमोर आपण भिंत उभी केली. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं म्हणजे बातमी होते.

पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड कुणी लावलं? ‘गवत म्हणजे पडीक, झाड म्हणजे प्रगती’ असं मानणाऱ्यांनीच.

टेकडीची_सकाळ

हे वाचून फार वाईट वाटलं. आमचा गट कित्येक वर्षं टेकडीवर झाडं लावतो. उन्हाळ्यात पाच-पाच लिटरचे कॅन खांद्यावरून चढवून पाणी घालतो. आमच्यातल्या एका काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी ते पायथ्याशी बसून कॅन भरून देतात. ग्लिरिसिडिया आम्ही लावला नाही, आम्ही वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच लावतो. आता तुम्ही सांगणार की आम्ही माळढोकाचे मारेकरी?

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. टेकडी बोडकी दिसली की तिथे रस्ता येतो, बोगदा येतो, बिल्डर येतो. झाडं असली तर निदान झाड तोडायला परवानगी मागावी लागते. गवत वाचवायला कुठलं कलम आहे? सांगा ना.

गवताळ

मारेकरी कुणी म्हटलं नाही. तुमचा घाम खरा आहे, पण तो चुकीच्या जागी पडतोय. गवताला कलम नाही, कारण इंग्रजांच्या काळापासून दप्तरात माळ पडीक म्हणूनच लिहिला गेला, त्यातून सारा येत नव्हता म्हणून. तो शिक्का आपण अजून पुसलेला नाही. तुम्ही टेकडीवर वड लावता, तेव्हा त्याच शिक्क्यावर सही करता.

टेकडीची_सकाळ

सही?? चाळीस अंशात कॅन वाहिल्याशिवाय असली वाक्यं लिहू नयेत. शहरात श्वास घेता येत नाही आणि तुम्हाला कुसळीची काळजी.

माणदेशी

मी सहसा लिहीत नाही, पण आता लिहिते. आमचं घर मेंढपाळाचं. दिवाळी झाली की आजोबा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरायचे, पावसाच्या तोंडावर परत. परत आल्यावर गावचा माळ हाच आधार. एका वर्षी परत आलो तर माळावर समतल चर खणलेले, तारेचं कुंपण आणि रोपं. मेंढरू आत गेलं की दंड. आजोबा दोन पावसाळे इकडून तिकडे फिरले, मग कळप विकला. ज्या रात्री विकला त्या रात्री आजी जेवली नाही. पुढे रोपं बरीचशी वाळली. ग्लिरिसिडिया तेवढा जगला, आणि त्याला आमची मेंढरं तोंड लावत नव्हती.

तेव्हा आम्हाला काय सांगितलं होतं? इथे आता जंगल येणार, तुमचा काळ संपला. त्या लेखातली शिडी आम्हाला तोंडपाठ आहे, कारण आम्ही तिच्या खालच्या पायरीवर होतो. मध्यसप्तक म्हणतात ते मी गाण्याबद्दल सांगू शकत नाही, पण माळाबद्दल सांगते : ठरवणारे होते, आणि त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं.

टेकडीची सकाळ ताई, तुमच्यावर राग नाही. पण गवत म्हणजे बोडकं हे तुम्ही पण लिहिलंत.

वाडा_बुद्रुक

गवतावर पीएचडी झाली असेल तर मूळ विषयावर येऊ का? आमच्या गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं. ज्यांच्या घरात ते पद आधी होतं, त्यांनी सूनबाईंचा अर्ज भरला. सह्या सूनबाईंच्या, ग्रामसभेत बोलतात सासरे. कुठल्या निसर्गाने ठरवलं हे? माझ्या बहिणीने अर्ज भरला होता, तिला घरी येऊन समजावलं गेलं, ‘उगाच वैर कशाला’. तिने अर्ज मागे घेतला. सातारारोड, ठरलेला नियम बरा म्हणता, तो कुणासाठी बरा?

सातारारोड

तुमच्या बहिणीवर झाला तो अन्याय आहे. त्याचं समर्थन मी कुठेही केलेलं नाही. पण आरक्षण आलं म्हणून निदान सूनबाईंचं नाव कागदावर आलं. पुढची सूनबाई सासऱ्यांना गप्प बसवेल. त्यालाही एक पिढी लागते. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की पायरी एका रात्रीत ओलांडता येत नाही.

एक_शिष्या

पायरीची भाषा ऐकून लिहावंसं वाटलं. गुरुजींकडे मी तानपुऱ्यावर बसून शिकले. अवघड रागांची तालीम ते पहाटे द्यायचे, मुलगा तेव्हा झोपलेला असे. बंदिशींच्या वह्या मी सुवाच्य अक्षरात उतरून काढल्या. गुरुजी गेल्यावर मुलगा वह्या घेऊन गेला आणि कार्यक्रमपत्रिकेवर ‘घराण्याचे वारस’ म्हणून त्याचंच नाव. चांगलं गातो तो, सुरेल आहे, ते नाकारत नाही. पण एकाही विद्यार्थ्याला त्याने बसवलेलं नाही. अल्लादिया खाँच्या शिष्या केसरबाई केरकर, त्यांनी जवळजवळ कुणालाच शिकवलं नाही, धोंडूताई कुलकर्णी तेवढ्या. धोंडूताई मिळाल्या नसत्या, तर केसरबाईंचं जे काही होतं ते आज फक्त तबकड्यांत उरलं असतं. माझ्याकडे सात मुली येतात. त्या अवघड रागांतले दोन आता त्यांच्यातली एक गाते.

सातारारोड, घरात कानावर पडतं हे खरं. पण पहाटे उठावं लागतं.

सातारारोड

हे वाचून उत्तर सुचलं नाही, ते मान्य करतो. तुमच्या बाबतीत मी शिष्येच्या बाजूने. पण मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांचं कुणी अजून उत्तर दिलेलं नाही.

मध्यसप्तक

देतो. त्यांनी मन्सूरांना शिकवलं, म्हणून ते वारस. नुसते मुलगे होते म्हणून नव्हेत. मन्सूर तर आधी नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर शिकून आले होते, तरी त्यांना दार उघडलं. दार उघडणारा मुलगा असेल तर माझी काही तक्रार नाही.

टेकडीची_सकाळ

माणदेशी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काल गटात बोलणं झालं. लावलेली झाडं आम्ही काढणार नाही, आणि कुणी काढायला आलं तर आडवे उभे राहू. पण वरच्या सपाटीवर जिथे गवतच गवत आहे, तिथे या वर्षी खड्डे घेत नाही. गटातल्या निम्म्यांना हे पटलेलं नाही, भांडण झालंय.

गवताळ, ‘सही’ हा शब्द तुम्ही मागे घ्यायला हवा.

गवताळ

शब्द मागे घेतो. मुद्दा घेत नाही. सपाटीवर सप्टेंबरात कुठलं गवत येतं त्याची नोंद करायला मदत हवी असेल तर सांगा, मी येतो. आणि पायथ्याच्या ओढ्याकाठी वड लावायला माझी ना नाही, तिथे माती आहे, ओल आहे.

माणदेशी

नोंद करताना गवताची नावं धनगरांना विचारा. माझ्या चुलत्यांना सगळी येतात. आणि नोंद झाली की चराईचंही तिथेच ठरवा, नाहीतर पुन्हा कुंपण घालाल.