उत्तर: कनू, वारा आणि खाडीचं पाणी

एकट्याने कनू (उघडी, निमुळती होडी) वल्हवताना वाऱ्यात तिचं तोंड का फिरतं, या प्रश्नावर इथे एकाने लिहिलंय की वल्हं चुकीचं मारल्यामुळे. मला अर्धंच पटतं. एकटा माणूस मागच्या फळीवर बसला की पुढचं टोक उचललं जातं आणि समोरचा वारा नेमका त्यालाच ढकलतो. मग दंड भरून येईपर्यंत वल्हवा, तोंड फिरणारच. मी पुढे पाण्याचा २० लिटरचा कॅन बांधतो. वारा पाठीमागून असला तर तोच मागे. (दगड बांधणाऱ्यांनो, होडीत पाणी भरलं तर कॅनचं ओझं होत नाही, दगडाचं होतं.)

पण इथे कुणी तिथीबद्दल बोललंच नाही. वाशिष्ठीच्या खाडीत दाभोळकडे, म्हणजे समुद्राच्या दिशेने, जाताना दुपारी तोंडावर खारा वारा असतो. भरतीची वेळ तासांत तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट, हा कोकणातला जुना हिशोब. म्हणजे पुनवेला (तिथी पंधरा) भरती साधारण सव्वाअकराला, आतल्या गावांना जरा उशिरा. त्यानंतर ओहोटी समुद्राकडे धावते आणि वारा आत घुसतो. दोघांची टक्कर झाली की आखूड, उभ्या लाटा उठतात. ओहोटी आपल्याला फुकटात नेईल या हिशोबाने मी एकदा पुनवेच्याच दुपारी निघालो होतो. दर चौथ्या लाटेला मांडीवर पाणी, एका हातात वल्हं, दुसऱ्या हातात तांब्या! शेवटी कांदळवनाच्या आडोशाला चिखलात होडी घुसवून संध्याकाळपर्यंत बसलो. अष्टमीला याच हिशोबाने भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणून दुपारी पाणी चढत असतं, वारा आणि पाणी एकाच दिशेने. तेव्हा सकाळच्या ओहोटीबरोबर खाली जायचं आणि दुपारी परतायचं.